कीपरच्या मागं कोण?

मधुकर साळवे खुर्चीत बसलेला मी उभ्या आयुष्यात एकदाच पाहिला. तो प्रसंग शेवटी सांगतो. एरवी हा माणूस उकिडवा बसतो. चाळीच्या नळावर, फॅक्टरीच्या कँटीनमध्ये, रेशनच्या रांगेत, युनियनच्या सभेत, कुठेही जागा मिळाली की चवड्यांवर भार देऊन, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये मोकळे सोडून खाली बसणार. कोणी खुर्ची पुढे केली तर म्हणतो, "नको. खुर्चीतून उठायला एक सेकंद जास्त लागतो."

विहारात वंदनेला सगळे मांडी घालून बसलेले आणि हा एकटा भिंतीपाशी उकिडवा. एकदा भन्तेजींनी त्याला जवळ बोलावून मायेनं विचारलं, "साळवे, मांडी का घालत नाही? पायाला काही त्रास आहे का?"

"नाही भन्ते. मांडी घातली की मन शांत होतं."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं आहे, पण बॉल सुटतो."

भन्तेजी शांत मनुष्य. ते वंदनेकडे वळले.

आम्ही दोघं अंबरनाथला एकाच फॅक्टरीत. तो मशीन शॉपमध्ये टर्नर, मी स्टोअर्सला. राहायलाही शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एकाच चाळीत. त्याची खोली आठ नंबरची, माझी नऊ. एवढ्यानं भागलं नाही म्हणून फॅक्टरीच्या क्रिकेट टीममध्ये तो विकेटकीपर आणि मी फर्स्ट स्लिप. क्रिकेट न कळणाऱ्यांसाठी सांगतो, फर्स्ट स्लिप म्हणजे कीपरच्या उजव्या हाताला चार फुटांवर वाकून उभा राहणारा माणूस. दिवसभरात त्याच्या वाट्याला एखादा कॅच येतो, आणि अखंड येते ती कीपरची बडबड. बारा सीझन मी ती ऐकली. लग्नाची बायकोसुद्धा नवऱ्याचं इतकं ऐकून घेत नाही.

त्या बडबडीत निम्मं एकच वाक्य असायचं. "टाक बिनधास्त, मागं मी आहे." आमच्याकडे तावडे नावाचा फास्ट बोलर होता. फास्ट म्हणजे धावायचा फास्ट. बॉल कुठे जाणार हे त्यालाही बॉल गेल्यावरच कळायचं. साळवे मॅटिंगवर डावीउजवीकडे लोळून ते सगळं अडवायचा, शर्टाची माती झटकायचा आणि ओरडायचा, "सुंदर, तावडे! लाईन जमतीय! टाक, मागं मी आहे!" आपण चांगले बोलर आहोत असं तावडेला शेवटपर्यंत वाटत राहिलं, त्याला कारण साळवे.

हे वाक्य मैदानापुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. चाळीतलं कोणी मुलाखतीला निघालं, कोणी बाळंतपणाला माहेरी निघालं, की जिन्याशी हा उकिडवा बसून सांगणारच. तावडेचं अपेंडिक्सचं ऑपरेशन होतं. त्याला स्ट्रेचरवरून आत नेताना साळवेनं त्याच उत्साहानं आवाज दिला, "जा बिनधास्त, मागं मी आहे!" तावडेची बायको जी रडायला लागली ती तावडे शुद्धीवर येईपर्यंत थांबली नाही. त्यानंतर बरेच दिवस ती साळवेला बघितलं की पदर सावरून दुसऱ्या जिन्यानं जायची.

माणसांना नावानं हाक मारायची त्याला सवय नाही. मी 'स्लिप'. तावडे संध्याकाळी चाळीच्या तोंडाशी खांबाला टेकून उभा असतो म्हणून 'मिडऑफ'. आणि त्याची बायको, आमच्या कुसुमवहिनी, या 'अंपायर'. "आज सिनेमाला येत नाही रे स्लिप, अंपायरनं बोट वर केलंय," असं तो गॅलरीतून सांगायचा. वहिनींना ऐकू जायचंच. त्या आतूनच म्हणायच्या, "बोट वर केलं म्हणून काय झालं भावोजी? दहा वर्षं झाली, हे क्रीज सोडतायत कुठे!"

माझं लग्नही त्याच्यामुळेच जमलं. विठ्ठलवाडीला मुलगी बघायला गेलो होतो. मी, माझे मामा आणि साळवे. "आज तरी सोफ्यावर बस," म्हणून मी त्याच्या हातापाया पडलो होतो. तो "बरं" म्हणाला आणि आत गेल्यावर सोफ्याच्या शेजारी उकिडवा बसला. मुलीच्या वडलांना वाटलं, पाहुण्यांचा नवस असेल. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन आली, तिचा पाय सतरंजीत अडकला आणि एक बशी ताटातून निसटली. साळवेनं डावीकडे सूर मारून ती जमिनीपासून चार बोटांवर झेलली. एक शेंगदाणा सांडला नाही. एवढ्यावर थांबावं की नाही? त्यानं बशी उंच धरून मुलीच्या वडलांकडे बघत घसा फोडून अपील केलं, "हाऊज दॅट!"

मामा खिडकीतून बाहेर बघायला लागले. मग मुलगी जी हसत सुटली ती आत जाऊनही हसत होती. आमची ही अजून म्हणते, "मी होकार दिला तो त्या हसण्याच्या भरात. तुमच्याकडे माझं लक्षच नव्हतं."

आता मूळ गोष्टीकडे येतो. ऐंशीनंतरच्या काही वर्षांत भारताकडून खेळलेला एक विकेटकीपर होता. नाव मी सांगणार नाही, कारण साळवेही ते कधी घेत नाही. तो त्याला 'आपला माणूस' म्हणतो. साळवेच्या सांगण्याप्रमाणे दोघंही विशीत असताना एकाच ट्रायलला गेले होते. कीपर दोन, जागा एक. कीपरच्या जाड ग्लोव्हजच्या आत मऊ चामड्याचे पातळ हातमोजे घालावे लागतात, नाहीतर संध्याकाळपर्यंत बोटांचा भुगा होतो. आपल्या माणसाचे हे आतले मोजे नेमके घरी राहिले होते. त्याची पाळी आधी होती. साळवेनं आपले काढून दिले.

ते मोजे दुकानातले नव्हते. साळवेच्या आईनं उल्हासनगरच्या बाजारातून मऊ चामड्याचे तुकडे आणले होते आणि स्वतःच्या हातानं, निळ्या दोऱ्यानं शिवले होते. आपला माणूस ते घालून खेळला आणि त्याचा एक बॉल सुटला नाही. दुपारी साळवेची पाळी आली तेव्हा मोजे आपल्या माणसाकडेच होते. साळवे नुसत्या ग्लोव्हजवर उभा राहिला, हात झिणझिणून गेले, तीन कॅच सुटले. पुढचं सांगायला नको.

"अरे पण परत मागायचे ना!" मी म्हणायचो.

"तो सिलेक्टरांशी बोलत उभा होता. मधेच जाऊन मोजे काय मागायचे?"

"मग संध्याकाळी?"

"संध्याकाळी त्याचं सिलेक्शन झालं होतं. म्हटलं, लागतील त्याला."

चाळीत या गोष्टीवर कोणाचा विश्वास नव्हता. तावडे तर भर गॅलरीत विचारायचा, "पुरावा काय, साळवे? हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, पण तुझं कांकणच दुसऱ्याच्या हातात!" साळवे हसायचा. मी त्याची बाजू घ्यायचो, पण खरं सांगतो, मनातून मलाही ती गोष्ट जरा फुगवलेलीच वाटायची.

साळवेला स्वतःला मात्र पुराव्याची गरज नव्हती. आपला माणूस पहिली कसोटी खेळला त्या दिवसापासून साळवेची दुसरी नोकरी सुरू झाली. त्यानं चाळीतला पहिला टीव्ही घेतला, बाबासाहेबांच्या तसबिरीच्या खाली स्टुलावर ठेवला, आणि भारताची फिल्डिंग असली की तो त्याच्यासमोर उकिडवा बसायला लागला. नुसता बसून राहत नसे. बोलर धावायला लागला की हा खाली, बॉल झाला की हा वर. दिवसभरात नव्वद ओव्हर. पाच दिवस. चहाला सुट्टी, जेवायला सुट्टी, मैदानात असते तशी.

"तू बसून त्याला काय फायदा?" मी विचारलं.

"हे बघ स्लिप. बोलर चुकला तर मागं फिल्डर असतात. फिल्डर चुकला तर मागं दुसरा धावतो. सगळ्यांच्या मागं कीपर. कीपरच्या मागं कोण?"

"स्लिप?" मी म्हटलं.

"बाउंडरी," तो म्हणाला. "म्हणून मी बसतो."

या कामासाठी तो रीतसर रजा टाकायचा. अर्जावर कारण लिहायचा, 'देशाचे काम.' एकदा वर्क्स मॅनेजरसाहेबांनी बोलावून घेतलं. "साळवे, कसलं देशाचं काम?" साळवे म्हणाला, "साहेब, फिल्डिंग आहे." साहेब स्वतः क्रिकेटवेडे. त्यांनी अर्जावर शेरा मारला, 'मंजूर. आपली बॅटिंग सुरू होताच कामावर हजर व्हावे.' आणि साळवे खरंच हजर व्हायचा. दुपारी दोन वाजता फॅक्टरीच्या गेटवर साळवे दिसला की वॉचमन समजायचा, समोरची टीम ऑलआउट झाली.

अशी सात-आठ वर्षं गेली. आपल्या माणसाची कारकीर्द पेपरवाल्यांनी आकड्यांत मोजली असेल, आम्ही ती साळवेच्या गुडघ्यांवरून मोजली. पहिल्या मोसमात तो आवाज न करता उठायचा. शेवटच्या मोसमात त्याचे गुडघे वाजले की नऊ नंबरमध्ये आम्हाला कळायचं, ओव्हर सुरू झाली.

मग तो कॅच सुटला. अगदी सरळ आलेला, छातीएवढ्या उंचीचा. बॅटची कड लागली, बॉल आपल्या माणसाच्या ग्लोव्हजमध्ये गेला आणि खाली पडला. त्या बॅट्समननं पुढे आपल्याला धुऊन काढलं आणि मॅच गेली. दुसऱ्या दिवशी पेपरांनी आपल्या माणसाची सालटी काढली. तावडेनं पेपर मोठ्यानं वाचून दाखवला, तोही नेमका आठ नंबरच्या दारात उभा राहून. साळवे रात्री जेवणानंतर गॅलरीत माझ्याजवळ येऊन एवढंच म्हणाला, "हा कॅच तो झोपेत घेईल. काहीतरी आहे, स्लिप."

दोन आठवड्यांनी टेकचंदशेठचं आमंत्रण आलं. आमच्या टीमला बॅट-बॉल त्यांच्याकडूनच यायचे. उल्हासनगरला तीन नंबरच्या कॅम्पात त्यांनी खेळाच्या सामानाचं मोठं दुकान काढलं होतं आणि उद्घाटनाला बोलावलं होतं, कोणाला, तर आपल्या माणसाला! "तारीख पहले से ली थी साईं," शेठ म्हणाले. "अभी पब्लिक नाराज है, पर जबान तो जबान है. तुम सब लोग आना."

चाळीत बातमी वाऱ्यासारखी पसरली. तावडेनं खांबाला टेकून जाहीर केलं, "आता दूध का दूध, पानी का पानी. त्यानं ओळखलं तर साळवे खरा. नाही ओळखलं तर त्यानं मोज्यांचं नाव परत काढायचं नाही." साळवे म्हणाला, "चालेल."

तो आठवडाभर त्यानं एक वाक्य पाठ केलं. रविवारी मॅच होती, तर दोन बॉलच्या मध्ये माझ्याकडे बघून म्हणून दाखवायचा. "नमस्कार. ट्रायलला निळ्या दोऱ्याचे मोजे दिले होते, तो मी. मोजे बरोबर बसले होते ना?"

"हे काय बोलणं झालं?" मी म्हणालो. "'ओळखलंत का' असं सुरू कर. तावडे काय म्हणाला लक्षात आहे ना?"

"मिडऑफचं सोड. मला ओळखून त्याला काय मिळणार?" त्यानं पुढचा बॉल अडवला, परत फेकला, आणि समोर बघतच बोलला. "ट्रायलवरून घरी आलो तेव्हा आईनं माझं सिलेक्शन विचारलंच नाही. ते माझ्या तोंडावर दिसत होतं. तिनं विचारलं, त्या पोराला मोजे बरोबर बसले का रे, तुझ्या मापाचे होते. मी म्हटलं, बसले. पुढे आजारपणात परत विचारायची, बसले होते ना? मला काय माहीत? मी आपलं बसले म्हणायचो. ती गेली आणि त्याच वर्षी हा पहिली कसोटी खेळला. एकदा त्याच्या तोंडून ऐकायचंय रे, बस."

बारा सीझन त्याच्या शेजारी उभा राहून मी हे पहिल्यांदा ऐकत होतो. पुढच्याच बॉलला माझ्याकडे आलेला कॅच मी सोडला.

उद्घाटनाच्या दिवशी टेकचंदशेठनी सामानाचा टेम्पो पाठवला. त्यात आम्ही चाळीतले चौदा जण. साळवेनं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, वहिनींनी त्याच्या खिशात धुतलेला रुमाल ठेवला होता. त्या स्वतः आल्या नाहीत. जाताना मला म्हणाल्या, "भावोजी, लक्ष ठेवा. नाही ओळखलं तर ह्यांना लगेच घरी आणा."

दुकानासमोर चार टेबलं जोडून स्टेज केलं होतं. स्टेजच्या एका कडेला कॅरम बोर्डांची थप्पी आणि तिच्यावर कॅरमच्या पावडरचे डबे रचलेले. शेठनी साळवेच्या हातात कात्रीचं आणि हारांचं तबक दिलं आणि त्याला बरोबर पाहुण्याच्या मागं उभा केला. मी सवयीनं त्याच्या उजव्या हाताला उभा राहिलो.

आपला माणूस आला. टीव्हीवर दिसतो त्यापेक्षा बारीक आणि थकलेला. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "कॅच पकडो, विकेटकीपर!" तो हसला. साळवेनं तबक पुढे केलं. त्यानं उजवा हात खिशातच ठेवला आणि डाव्या हातानं कात्री उचलली. रिबन काही तुटेना. चौथ्या वेळेला तुटली. "इधर भी छूट गया!" पुन्हा हशा. मग हारतुरे झाले, शेठचे भाऊबंद हात मिळवायला पुढे आले, तर त्यानं सगळ्यांना लांबूनच नमस्कार केला, दोन्ही पंजे जेमतेम टेकवून.

"अनामिका," साळवे माझ्या कानाशी पुटपुटला. "उजवी."

"कोण?"

"बोट रे. मोडलंय. त्या मॅचलाही मोडकंच घेऊन उभा होता. पुढच्या आठवड्यात टीम निवडायची आहे, म्हणून लपवतोय."

एवढ्यात शेठ पाहुण्याला म्हणाले, "साहब, ये अपना साळवे. ये भी कीपर है." आपला माणूस मागं वळला. चाळीतले बाकीचे बारा जण माना उंचावून बघायला लागले. तावडे तर टेम्पोच्या चाकावर चढला. साळवेनं तबक माझ्या हातात दिलं, शर्ट खाली ओढला आणि तोंड उघडलं.

"नमस्कार. ट्रायलला..."

एवढंच झालं. तिथले एक नगरसेवक स्टेजसमोर आले होते. कॉलेजात आपण बोलर होतो हे त्यांनी आतापर्यंत तिघांना सांगितलं होतं. त्यांनी काउंटरवरचा एक नवा कोरा, दगडासारखा कडक सीझन बॉल उचलला, दहा पावलं मागं गेले आणि ओरडले, "साहेब, एक कॅच हो जाए! फोटो के लिए!"

गर्दीला तेवढंच हवं होतं. "कॅच! कॅच! कॅच!" फोटोग्राफर सरसावला. आपल्या माणसानं समोर वळून खिशातून उजवा हात काढला आणि दोन्ही हात पुढे धरले. चेहऱ्यावर हसू होतं, पण तो घाबरला होता, आणि ते मला चार फुटांवरून दिसलं. बॉल घ्यावा तर बोट कायमचं गेलं, आणि सोडावा तर उद्याच्या पेपरात पुन्हा तोच फोटो. नगरसेवकांनी हात फिरवला.

साळवे उडाला. पाहुण्याच्या पुढून आडवा जाऊन त्यानं डाव्या हातात तो बॉल घेतला आणि तसाच कॅरम बोर्डांच्या थप्पीवर कोसळला. पावडरचे डबे फुटले. साळवे डोक्यापासून पायापर्यंत पांढराफटक, बॉल तेवढा लाल.

सगळं उल्हासनगर हसलं. असं हसणं मी नंतर कधी ऐकलं नाही. नगरसेवक लालबुंद झाले. "कौन है ये पागल?" शेठ हात जोडून म्हणायला लागले, "माफ करना साहब, आदमी अच्छा है, थोडा क्रॅक है." टेम्पोच्या चाकावरून तावडेचा आवाज आला, "अरे साळवे, फोटोत यायला एवढा मेलास काय रे!" दोन स्वयंसेवक त्याला कॉलरला धरून उठवायला धावले.

त्यांच्या आधी आपला माणूस खाली वाकला. त्यानं डावा हात पुढे केला. साळवेनं तो धरला आणि उठता उठता हळूच म्हणाला, "पट्टी नुसत्या त्याच बोटाला नको. शेजारच्या बोटाला जोडून बांधा."

तो बघतच राहिला. "कसं कळलं?"

"कात्री डाव्या हातात घेतलीत."

मग त्याचं लक्ष साळवेच्या हाताकडे गेलं. साळवेची बोटं म्हणजे आल्याचा गड्डा, एकही सरळ नाही. त्यानं ती बोटं आपल्या दोन्ही हातांत धरून निरखून पाहिली. "कुठे खेळता?"

"इथंच. फॅक्टरीत."

"बरं झालं," तो म्हणाला. "मागं तुम्ही होता."

त्यानं साळवेचा हात लगेच सोडला नाही. वाक्य बोलायला भरपूर वेळ होता. मी जवळच उभा होतो, मी मनातल्या मनात साळवेला ढोसत होतो, बोल रे बाबा, बोल. साळवे बोलला नाही. मग स्वयंसेवकांनी त्याला बाजूला ओढलं आणि आपला माणूस गाडीत बसून गेला.

आमचा टेम्पोही चाळीतल्यांना घेऊन गेला होता. आम्ही दोघं विठ्ठलवाडीच्या डेपोपर्यंत चालत आलो. लोक साळवेकडे वळून वळून बघत होते. तो बसच्या थांब्यावर उकिडवा बसला, आणि मी मात्र भडकलो.

"एक वाक्य! आठवडाभर माझं डोकं खाल्लंस! सगळ्या चाळीसमोर तोंडावर आपटलास, आणि विचारलं का नाहीस?"

त्यानं रुमालानं पापण्यांवरची पावडर पुसली. "विचारणार होतो रे. पण त्याचा हात हातात होता, बोट सुजून एवढं झालेलं. त्यात मोज्यांचं काढलं असतं तर त्याला वाटलं असतं, परत मागायला आलाय."

मला हसू आलं. मी त्याच्या शेजारी बसलो. तो म्हणाला, "बोटाचं कोणाला बोलू नकोस. मिडऑफला तर नाहीच. टीम निवडायची आहे."

मी शब्द दिला आणि पाळला. चाळीनं पुढे महिनोन्महिने साळवेची टर उडवली. त्याची ती उडी पोरं नाक्यावर करून दाखवायची. होळीला तावडेनं त्याच्या अंगावर मुद्दाम पांढरी पावडर टाकली. मोज्यांचं नाव साळवेनं, कबूल केल्याप्रमाणे, परत काढलं नाही. मी दात-ओठ खात गप्प बसलो. पुढच्या आठवड्यात टीम जाहीर झाली. तिच्यात आपल्या माणसाचं नाव नव्हतं, आणि नंतरही कधी आलं नाही. आता तो निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, मीही अंबरनाथ सोडून बदलापूरला बेलवलीत राहायला आलो. त्यामुळे आता सांगायला हरकत नाही. तावडे, तूही वाच.

आणि तो खुर्चीचा प्रसंग. त्याच हिवाळ्यात पुढची कसोटी आली. मी आठ नंबरमध्ये गेलो तर टीव्ही लागलेला, भारताची फिल्डिंग, आणि साळवे खुर्चीत. घडीची लोखंडी खुर्ची. तीत तो असा अवघडून बसला होता, जसा दवाखान्यात नंबर यायची वाट बघतोय.

"रजा टाकली नाहीस?" मी विचारलं.

"आज सुट्टीच आहे. बस ना."

मी वहिनींकडे बघितलं. त्या तांदूळ निवडत होत्या, त्यांनी नुसती मान हलवली. कीपर नवीन होता, विशीचं पोर. तिसऱ्या ओव्हरला त्याच्या बाजूनं बॉल गेला, चार रन. साळवेनं छताकडे बघितलं. सहाव्या ओव्हरला बॅटची कड लागली आणि त्यानं सोपा कॅच सोडला. मैदानात शिट्ट्या सुरू झाल्या. त्या पोराचा चेहरा टीव्हीवर मोठा करून दाखवला, ओठ कोरडे पडलेले.

साळवे खुर्चीच्या कडेला आला.

"हात बघा कसे लाकडासारखे धरलेत," वहिनी म्हणाल्या. सात-आठ वर्षांत त्यांनाही सगळं कळायला लागलं होतं.

"घाबरलंय ते," साळवे म्हणाला. मग वहिनींकडे वळून, "अंपायर, याच्या मागं कोण आहे गं?"

वहिनींनी सूप बाजूला ठेवलं, उठल्या आणि टीव्हीसमोरचं टीपॉय उचलून भिंतीला लावलं. साळवे खुर्चीतून उतरला. दोन्ही गुडघे कडाकडा वाजले. बोलर धावायला लागला होता. साळवे चवड्यांवर बसला, हात मोकळे सोडले आणि टीव्हीला म्हणाला, "बिनधास्त राहा रे पोरा."

मीही उठलो आणि त्याच्या उजव्या हाताला, चार फुटांवर, वाकून उभा राहिलो.